लिलावातला जपानी रंधा : प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

काय करायचंय ते आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मोह झाला की हे पान उघडता येईल. ७० मिलिमीटर पात्याचा एक जुना जपानी रंधा (तिकडे त्याला कन्ना म्हणतात) जपानमधल्या ऑनलाइन लिलावातून घ्यायचा, पुण्याला आणायचा, दुरुस्त करायचा आणि सागावर चालवून बघायचा. टपाल, जकात, कार्डाचे पैसे सगळं धरून वीस हजार रुपयांच्या आत.

नवा का नको, तर लोहाराने हाताने घडवलेला नवा कन्ना वीस-तीस हजार येनपासून सुरू होतो आणि नाव मोठं असेल तर वर आभाळच आहे. जुन्यांचा मात्र तिकडे अक्षरशः सुकाळ आहे. १९८०च्या जपानी जनगणनेत नऊ लाखांवर सुतार होते, २०२०मध्ये ते तीन लाखांच्या आसपास उरले. घरांचे वासे-खांब आता कारखान्यातून कापून, खाचा पाडून येतात. जागेवर रंधा मारायला फारसं काही उरत नाही. म्हातारा सुतार गेला की घरचे लोक त्याची हत्यारं भंगार-दुकानदाराला देतात आणि दुकानदार ती ढिगाने लिलावात टाकतो. ‘सुतारी हत्यारं, एकत्र’ या अर्थाचे जपानी शब्द शोधात टाकले की पानामागून पानं निघतात.

लिलाव म्हणजे याहू ऑक्शन्स. तिकडे तो १९९९पासून चालू आहे. ईबेने २०००मध्ये जपानात दुकान थाटलं आणि २००२मध्ये गुंडाळलंही, इतका याचा जम बसला होता. बाहेरच्या माणसाला तिथे थेट बोली लावता येत नाही: खात्याला जपानी मोबाइल नंबर लागतो, आणि बहुतेक विक्रेते जपानबाहेर पाठवतच नाहीत. म्हणून मधला माणूस. तो स्वतःच्या नावाने बोली लावतो, माल स्वतःच्या गोदामात घेतो, मग आपल्याकडे रवाना करतो. झेनमार्केट, बायी, फ्रॉम जपान अशा बऱ्याच सेवा आहेत. मी कोणती धरली ते लिहीत नाही, कारण पुढे थोडी कुरकुर येणार आहे.

लंडनच्या मावसभावाला लिंक पाठवली तर त्याला पानच उघडेना. एप्रिल २०२२पासून याहू जपानने ब्रिटन आणि युरोपसाठी दार लावून घेतलंय. भारतातून मात्र दिसतं.

१२ जानेवारी, रविवार

आठवडाभर फक्त बघितलं. बोली नाही. फोटो वाचता येत नाही तोवर पैसे काढायचे नाहीत, असं ठरवलंय.

फोटोत बघायचं काय? रंध्याचं पातं दोन थरांचं असतं. पाठीला कडक पोलादाचा पातळ थर, त्यावर मऊ लोखंडाचा जाड थर, दोन्ही भट्टीत ठोकून एकजीव केलेले. धार पोलादाला असते. लोखंड नुसता आधार देतं आणि घासायला सोपं जातं. पाठीच्या मधोमध लोहाराने उथळ खोलगा काढलेला असतो, म्हणजे पाठ सपाट करताना सगळं पोलाद घासत बसावं लागत नाही, फक्त कडा टेकतात. धारेलगतची सपाट पट्टी जितकी बारीक, तितका आधीचा मालक जाणता. पट्टी बोटभर रुंद दिसली तर समजायचं की कुणीतरी दगडावर पाठ घासघास घासून खोलगा संपवलाय.

दुसरं म्हणजे पात्याची उरलेली लांबी. प्रत्येक धारेला पातं थोडं झिजतं आणि पोलादाचा थर काही टोकापर्यंत नसतो. आखूड झालेलं पातं स्वस्तात मिळतं, पण ते पेन्सिलीचं थोटूक.

तिसरं, गंज. विक्रेते गंजाचा फोटो इमानदारीने टाकतात आणि नवखे घाबरतात. लोखंडाच्या बाजूला कितीही गंज असो, काही बिघडत नाही. पाठीला, धारेलगत खड्डे पडले असतील तर मात्र ते पातं सोडून द्यायचं. खड्डा धारेपर्यंत आला की धारेला तिथे दात पडतो आणि तो जायला निम्मं पातं घासावं लागतं. अडचण अशी की भंगारवाला सुंदर उजेडात लोखंडाची बाजू दाखवतो, त्यावर लोहाराची मोहोर असते ना. पाठीचा फोटो एखादाच, तोही तिरका.

चौथं, ठोकळा. पांढऱ्या ओकचा असतो. तोंडामागे (तोंड म्हणजे बुडाला जिथून धार बाहेर डोकावते ती फट) चीर आहे का, तोंड रुंदावलंय का, तोंडापुढे नवा तुकडा बसवलाय का. बसवलेला तुकडा मला उलट आवडतो. म्हणजे कुणीतरी हे हत्यार रोज वापरत होतं आणि जपत होतं.

जवळजवळ प्रत्येक पानावर ‘जंक’, ‘आहे त्या स्थितीत’, ‘तक्रार नाही, परत नाही’ यातलं काहीतरी असतंच. भंगारवाल्याला रंध्यातलं कळत नाही म्हणून तो हात झटकून ठेवतो. माल वाईटच असेल असं नाही, पण चांगला नसला तर ऐकून घेणारं कुणी नाही. मधला माणूस विक्रेत्याशी भांडत नाही. माझी सेवा तर साधा प्रश्नही पोचवत नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगुळ खाल्ला, तक्ता केला.

बोली + जपानमधलं टपाल + सेवेचं शुल्क (दर वस्तूला ५०० येन) + जपान ते भारत टपाल. या सगळ्यावर कार्डवाल्याचा साडेतीन टक्के मार्कअप, मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. मग भारतात जकात, आणि ती नुसत्या वस्तूच्या किमतीवर नाही. टपाल आणि विमा मिळवून जी बेरीज होते तिच्यावर. म्हणजे वजनाचे पैसे दोनदा लागतात: एकदा टपालखात्याला, एकदा सरकारला. घरगुती वापरासाठी टपालाने आलेल्या मालाला ९८०४ हे वेगळंच शीर्षक लावतात आणि त्याचे दर बजेटात हलतात. म्हणून मी बेरजेच्या निम्मी रक्कम जकातीसाठी बाजूला ठेवतोय. उरली तर उरली. ‘भेटवस्तू’ लिहून पाच हजारांपर्यंत सुटण्याची जुनी सवलत २०१९च्या डिसेंबरातच गेली; अजूनही लोक तो सल्ला देतात.

आणखी एक गोष्ट तक्त्यात घातली. विक्रेता साधा माणूस असेल तर बोलीची रक्कम तीच किंमत. नोंदलेलं ‘स्टोअर’ असेल तर त्यावर १० टक्के उपभोग कर चढू शकतो. पानावर एका छोट्या ओळीत असतं. बघून घ्यायचं.

तक्त्यावरून एक गोष्ट लगेच कळते. तीन हजार येनचा एकटा कन्ना मागवणं म्हणजे चार आण्याची कोंबडी. चार-पाच रंध्यांचा ढीग घेतला, त्यात दोन चांगले निघाले, तर टपाल वाटलं जातं.

१९ जानेवारी, रविवार

पहिली बोली. हरलो.

रविवारी रात्री नऊ ते अकरा ही जपानमधली लिलावांची गर्दीची वेळ. ते आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, म्हणजे आपल्याकडे साडेपाच ते साडेसात. चहा घेऊन बसायला सोयीचं.

मी ६,००० येन ही कमाल रक्कम टाकली होती. इथे कमाल टाकली की यंत्रणा तुमच्या वतीने टप्प्याटप्प्याने वाढवत नेते. टप्पे ठरलेले: हजाराच्या आत दहा येन, पाच हजारांपर्यंत शंभर, पाच ते दहा हजारांत २५०, त्यापुढे पन्नास हजारांपर्यंत ५००. जिंकलात तरी कमाल रक्कम लागत नाही, दुसऱ्या क्रमांकाच्या वर एक टप्पा लागतो.

शेवटच्या पाच मिनिटांत कुणी भाव वाढवला की वेळ आणखी पाच मिनिटांनी पुढे सरकते (विक्रेत्याने ती सोय चालू ठेवली असेल तर, आणि बहुतेक ठेवतात). त्यामुळे शेवटच्या सेकंदाला येऊन घास हिरावणं इथे चालत नाही. मला हे बरं वाटलं. पण त्याची दुसरी बाजू अशी, की साडेसहाला संपणारा लिलाव सात वाजता चालूच होता आणि दर पाच मिनिटांनी एक कोणीतरी २५० येन टाकत होता. ९,५००ला गेला. त्या ढिगातल्या दोन पात्यांची पाठ फोटोत दिसतच नव्हती. दिसत नसलेल्या पाठीचे साडेनऊ हजार! जाऊ दे त्याला.

२६ जानेवारी, रविवार

जिंकलो. पाच रंध्यांचा ढीग, ६,७५० येन. दोन ७० मिमीचे, एक अरुंद, एक खाच मारायचा, एक इतका मळलेला की काय आहे ते गोदामात तरी कळेल का कोण जाणे. माझं लक्ष पहिल्यावर. पाठीचा फोटो सरळ, उजेडात. धारेची पट्टी बारीक. डाव्या कोपऱ्यात खोलगा थेट धारेला भिडलाय. याचा अर्थ पाठ ठोकून काढावी लागेल. बाकीच्यांना बहुधा त्याचीच भीती वाटली असावी.

२८ जानेवारी, मंगळवार

एका स्टोअरचा एकटा कन्ना घेतला, ४,२०० येन, करासह ४,६२०. तक्त्यातल्या नियमाविरुद्ध आहे, पण ढीग गोदामात येतोच आहे, त्याच्यासोबत जाईल. पातं जवळजवळ नव्या लांबीचं, ठोकळ्याच्या तोंडापुढे तुकडा बसवलेला.

८ फेब्रुवारी, शनिवार

दोन्ही माल गोदामात. ढिगाचं जपानमधलं टपाल १,१०० येन, एकट्याचं ८७०. सेवा मोफत साठवणुकीचे काही दिवस देते, त्यामुळे मोहाला भरपूर वाव.

आज मोह झाला. चियोझुरू कोरेहिदे यांची मोहोर असलेलं पातं, बोली पंधरा हजारांवर अडकलेली. कोरेहिदे (१८७४–१९५७) म्हणजे जपानी हत्यार-लोहारांतलं सर्वांत मोठं नाव. समुराई तलवारी घडवणाऱ्या घराण्यातला माणूस. तलवारींचे दिवस सरल्यावर सुतारी हत्यारांकडे वळलेला. कोबेच्या ताकेनाका सुतारी हत्यार संग्रहालयात त्यांची हत्यारं काचेआड आहेत. असं पातं पंधरा हजार येनला का पडून राहील? कारण त्या नावाच्या नकली मोहोरा फिरतायत आणि बोली लावणाऱ्या जपान्यांना ते पक्कं ठाऊक आहे. तिकडचे जाणकार हात लावत नसतील तर पुण्यात बसून मी कशाला लावू? ५ जानेवारीचं पान उघडलं, वाचलं, टॅब बंद केला.

हे एकदाच कधीतरी नीट मांडायला हवं. या लिलावात माझ्याविरुद्ध बसलेला माणूस तोच माल रोज हातात धरणारा आहे. तो सोडतोय ते मला ‘सापडलं’ असं होत नाही. मला फायदा होतो तो फक्त तिथे, जिथे त्याच्या वेळेची किंमत माझ्यापेक्षा जास्त आहे. मळलेला ठोकळा, पाठ ठोकायची राहिलेलं पातं: धंदेवाल्याला त्यात दिवस घालवणं परवडत नाही. मला शनिवार-रविवार मोकळेच आहेत.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दोन्ही पार्सलं एकत्र करायला सांगितली. वजन आलं ४,६४० ग्रॅम.

टपालाचा हिशोब. कुरिअरवाले खोक्याचं आकारमानही मोजतात, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची भागिले ५,०००, आणि जे जास्त येईल ते लावतात. जपान पोस्टची ईएमएस (परदेशी टपालाची जलद सेवा) खऱ्या वजनावर चालते. रंधे म्हणजे लहान आणि जड, कुरिअरला उलट सोयीचे. तरीही भारतासाठी ईएमएस स्वस्त पडली. दोन किलोंच्या वर अर्ध्या-अर्ध्या किलोचे टप्पे. पाच किलोंपर्यंत ८,१५० येन, साडेचारच्या आत बसलं तर ७,५५०. माझे १४० ग्रॅम वर. तो मळका पाचवा रंधा काढून टाकता का, असं विचारलं. उत्तर आलं की एका लिलावाचा माल फोडता येत नाही. ठीक. सहाशे येनचा मळ.

एकूण: १४,३४० येन मालाचे, ८,१५० टपालाचे. येन साडेसत्तावन्न पैशांच्या आसपास आहे, म्हणजे तेरा हजार रुपयांच्या जरा आत. वर कार्डाचे पाचशे-साडेपाचशे.

कस्टम्सला जाहीर करायच्या किमतीबद्दल: सेवा खरी बोली लिहूनच पार्सलचे कागद बनवते, कमी लिहायला सांगता येत नाही. तसं सांगणारे महाभाग असतात. पार्सल हरवलं तर भरपाई त्या कमी लिहिलेल्या आकड्याचीच मिळते, हे त्यांच्या गावी नसतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

ट्रॅकिंगवर मुंबई दिसतंय. ‘कस्टम्सकडे’. यावर लिहिण्यासारखं काही नाही, बसून राहायचं.

४ मार्च, मंगळवार

पोस्टमन आले. जकातीची पावती, रोख पैसे. मी बाजूला ठेवलेल्या रकमेपेक्षा कमी निघाली, त्यामुळे वीस हजारांची मर्यादा शाबूत. “एवढं जड काय आहे हो?” “रंधे.” “जपानातनं रंधे?” एवढं बोलून त्यांनी सही घेतली, पण जिन्यावरून दोनदा मागे वळून बघितलं.

९ मार्च, रविवार

खोका उघडला. बांधणी उत्तम, प्रत्येक रंधा वेगळा गुंडाळलेला. कुरकुर एकच. एकट्या कन्नासोबत लिलावाच्या फोटोत त्याची जुनी पुठ्ठ्याची पेटी होती, दुकानाच्या लेबलासकट. गोदामाने ‘अनावश्यक पॅकिंग’ म्हणून टाकून दिली. विचारलं तर नियमाचा दुवा आला: एकत्र करताना आतली खोकी काढतात, ठेवायची असतील तर आधी खूण करायची. ती खूण तिसऱ्या पानावरच्या एका घडीत लपलेली. कामाच्या दृष्टीने पेटीची किंमत शून्य. पण ते लेबल वाचून हत्यार कुठल्या गावचं ते कळलं असतं. मिकी, सांजो, योइता, ही अशा लोहारांची गावं. आता मोहोरेवरून शोधत बसायचं.

माल असा:

पहिला ७० मिमी: फोटोत दिसला तसाच. पाठ कोपऱ्यात खचलेली, बाकी निरोगी.
दुसरा ७० मिमी: पाठीला धारेपाशी खड्डे. फोटोत त्या जागी सावली होती. बाद.
अरुंद: चांगला, लहान मुलाच्या हातात बसेल असा.
खाचेचा: पातं ठीक, ठोकळा वाकलेला.
मळका: मळाखाली ठोकळ्याचं बूड खरवडायचा रंधा निघाला! यात पातं जवळजवळ उभं असतं आणि बाकीच्या रंध्यांची बुडं याने सारखी करतात. हा मला वेगळा घ्यावाच लागला असता. सहाशे येनचा मळ परत घेतो.
एकटा: बिनतक्रार.

१६ मार्च, रविवार

पाठ ठोकून काढली. यावर तपशिलात लिहितो, कारण मला वाचायला मिळालेलं सगळं अर्धवट होतं.

खोलगा धारेला भिडला की त्या जागी पाठ दगडाला टेकतच नाही, मग धार येणार कशी? उपाय असा की पात्याच्या उताराच्या (धारेसाठी तिरप्या घासलेल्या) बाजूने मऊ लोखंडावर हलके ठोके मारून त्याखालचं पोलाद केसभर पाठीकडे ढकलायचं. लोखंड दबतं, पसरतं, पोलाद फुगतं. ठोका पोलादावर पडला तर तुकडाच उडतो. पोलाद कडक असतं, वाकणं त्याच्या स्वभावात नाही.

उतारावर दोन थरांची सीमा स्पष्ट दिसते: लोखंड करडं, पोलाद उजळ. सीमेच्या वर, लोखंडाच्या भागात पेन्सिलीने पट्टा आखला. ऐरण म्हणून रुळाचा तुकडा, भंगारातून आणलेला, त्याची कड गोल केलेली. पातं पाठीवर पालथं, ठोका पडणार बरोबर त्याखाली ऐरणीची कड. डाव्या हाताची तर्जनी पात्याच्या बाजूला टेकलेली, ती सरकवत ठोक्याची जागा ठरते. लहान हातोडीचा कोपरा वापरायचा, तोंड नाही. पात्याखाली ऐरण नीट टेकलेली असेल तर आवाज बसका येतो, ठक्क. पोकळी असेल तर खणखणतो. खणखणला की थांबायचं, पातं हलवायचं, पुन्हा टेकवायचं. ठोक्यात जोर नसतो, संख्या असते. उतारावर बारीक ठिपक्यांची पट्टी उमटली, देवीच्या व्रणांसारखी. मध्ये मध्ये डायमंड प्लेटवर (हिऱ्याचे कण बसवलेली सपाट पाटी) पाठ घासून बघायची. आधी कोपऱ्यात काळं राहायचं, मग एक ठिपका चमकला, मग ठिपक्याची रेघ झाली आणि ती धारेलगत दुसऱ्या टोकाला जाऊन मिळाली. बारीक, सलग. तिथेच थांबलो, आणखी घासलं असतं तर ती रुंद झाली असती.

मग धार लावायचा १,०००चा दगड, मग त्याहून बारीक कणांचा ६,०००चा. क्योटोच्या खाणींतले नैसर्गिक दगड सुंदर असतात असं सगळे म्हणतात. असतीलही. किलो-दीड किलोचा दगड ईएमएसने आणून त्यावर जकात भरायची माझी तयारी नाही.

२३ मार्च, रविवार

ठोकळा. पातं ठोकळ्यातल्या खाचेत पाचर ठोकल्यासारखं बसतं, दुसरी पाचर नसते. पात्याला पेन्सिल फासून आत ठोकायचं, काढायचं, आत जिथे काळे डाग पडले तिथे पटाशीने खरवडायचं. कंटाळवाणं काम. बुडाला तोंडाच्या अलीकडे आणि पुढच्या कडेला, अशा दोनच जागी टेकायला हवं, मधला भाग केसभर खोल. मळक्याने हे काम झोकात केलं.

पात्याला दोन्ही बाजूंनी मुद्दाम थोडी मोकळीक ठेवली. जपानची हवा दमट, पुण्याचा एप्रिल कोरडा ठणठणीत. लाकूड आक्रसलं आणि पातं कडेला घट्ट असलं तर ठोकळा तोंडापाशी फाटतो. खाचेच्या रंध्याला एक बारीक चीर आत्ताच दिसायला लागली आहे.

६ एप्रिल, रविवार

चालवला. आमचे मिस्त्री आले होते, कपाटाच्या दाराचं माप घ्यायला म्हणून.

“दादा, हे पातं उलटं बसवलंय का?”

उलटं नाही, रंधा ओढायचा असतो, असं सांगितलं. त्यांनी फळी पुढ्यात घेतली, मांडी घातली, पायाने टेकू दिला आणि ओढला. मला बाकावर उभं राहून जमत नव्हतं ते त्यांना बसल्या बसल्या जमलं. जपानी सुतारही जमिनीवर बसूनच काम करत आले. टेबलाची सवय झालेला इथे मी एकटा.

पहिली फळी शिवणीची. पापुद्रा निघाला, रुंदीभर, सलग, पलीकडची बोटं दिसतील असा. तिकडे केझुरोकाई म्हणून रंधणाऱ्यांचे मेळावे भरतात, तिथे पापुद्र्याची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात, एक आकडी मायक्रॉन. माझ्याकडे मोजायला काही नाही आणि मोजलं तर लाज जाईल.

मग साग. इथे गोष्ट वेगळी. कन्नाचं पातं साधारण ३८-४० अंशांत कललेलं असतं, ते सुगी-हिनोकीसारख्या मऊ, सरळ रेषांच्या लाकडांसाठी. सागाच्या रेषा जिथे उलटल्या तिथे ढलपी उडाली. मुख्य पात्यावर ढलपी मोडायला एक छोटं पातं असतं, ते धारेच्या अगदी जवळ, पाव मिलिमीटरच्या आत आणल्यावर उडणं थांबलं. पण मग ओढायला जोर लागतो. दुसरी अडचण, सागात वाळूचा अंश असतो, सिलिका. फळीच्या दोन बाजू होईतो धार मऊ झाली. मिस्त्रींनी अंगठ्याने बघितलं आणि म्हणाले, “सागाला आपलाच रंधा बरा. हा शेवटचा हात मारायला ठेवा.” बरोबर आहे. साफ केलेल्या सागावर शेवटचे दोन-तीन हात कन्नाचे, आणि मग पॉलिश पेपर लागत नाही. दाराच्या चौकटीवर तेच केलं. पॉलिश पेपरने लाकूड मंद दिसतं, इथे रेषा उघडल्यासारख्या दिसतात.

२० एप्रिल, रविवार

कडक ऊन. खाचेच्या रंध्याची चीर रुंदावली, तो ठोकळा गेला. पातं ठेवलंय, शिसवाचा तुकडा मिळाला तर नवा ठोकळा घडवीन. पहिला कन्ना आणि एकटा, दोन्ही शाबूत. मोकळीक कामी आली. मधल्या काळात दोघांची पाती जरा सैल करून ठेवली होती. बाद झालेलं पातं मिस्त्रींनी मागून नेलं, त्याची मार्किंगची सुरी करणार म्हणे. पोलाद चांगलं असल्याची त्यांनी कानशीने खात्री केली: कानस घसरली.

मिस्त्रींना एक कन्ना हवाय. तक्ता त्यांच्यापुढे ठेवला, एकट्या रंध्याचं टपाल आणि जकात दाखवली. त्यांनी विचार केला आणि विचारलं, “चार पटाश्या सोबत आल्या तर?” पटाश्यांचं वजन किती ते बघतोय. जपानी पटाशीच्या मुठीला वर लोखंडी कडं असतं, तरी चार मिळून किलोच्या खालीच भरतील. कन्ना धरून दोन किलोंचा टप्पा, ४,५५० येन टपाल. एप्रिलच्या शेवटापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तिकडे सुट्ट्या, गोदामं बंद, विक्रेतेही गावी. त्या संपल्या की बघू. कमाल रक्कम मिस्त्रींनी ठरवली आहे, दोन्ही मिळून आठ हजार येन, आणि बोली चालू असताना मी त्यांना फोन करायचा नाही, असंही.